रविवारच्या फोनापुरतं इंग्रजी

माझ्या बायकोच्या जलदान विधीला एक बाई उठली आणि इंग्रजीत बोलली.

आमच्यात माणूस गेल्यावर हा कार्यक्रम होतो. मांडव घालतात, भंतेजी येतात, वंदना होते, मग ज्याला वाटेल तो उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. आदरांजली म्हणतात त्याला. बहुतेक ठिकाणी तीच ती माणसं उठतात, माइक सोडत नाहीत आणि गेलेल्याचं राहू द्या, स्वतःचंच सांगत बसतात. मी पुढच्या खुर्चीत होतो. समोर बायकोचा फोटो, वर बॅनर, बॅनरवर तिच्या नावाआधी ‘कालकथित’ छापलेलं, बाकीचे ‘कै.’ लावतात तसं. हा शब्द दुसऱ्यांच्या बॅनरवर कितीदा वाचला होता. तिच्या नावाला चिकटलेला बघून माझं डोकंच चालेना. कोण काय बोलतंय ते ऐकू येत होतं, आत शिरत नव्हतं.

तेवढ्यात ही बाई उठली. चिखलीला भाजीची गाडी लावते, माझी नुसती तोंडओळख. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, “ताई नेव्हर गेव्ह अप.”

मांडवातली माणसं माना वळवून बघायला लागली. मग ती मराठीत म्हणाली, “म्हंजे ताईनं कधी हार मानली न्हाई. आमी क्लास सोडून पळाय लागलो की ताई हाताला धरून बसवायची.”

“कसला क्लास?” मी शेजारी बसलेल्या पोराला विचारलं. पोरगा कॅनडावरून आला होता. तो माझ्याकडंच बघत राहिला. त्यालाही माहीत नव्हतं.

मग अजून बाया उठल्या. एकीनं सांगितलं, ताईला आधी एबीसीडी पण पुरी येत नव्हती. दुसरी म्हणाली, ताई फोनवर नातीशी बोलते म्हणून आम्हाला लई हेवा वाटायचा. शेवटी एक तरुण पोरगी उठली. आयटीत नोकरी करते आणि संध्याकाळी भोसरीच्या आमच्या विहारात, मागच्या खोलीत, बायांना इंग्रजी शिकवते. ती मॅडम. तिला बोलता येईना, नुसती रडली आणि बसली.

माझी बायको रोज संध्याकाळी ‘विहारात जाते’ म्हणून जायची. मला वाटायचं, वंदनेला जाते. खोटं काही बोलली नव्हती, विहारातच जात होती. पण इतकी वर्षं एका ताटातलं खाल्लेलं माणूस इंग्रजी शिकतं आणि घरात त्याचा पत्ता लागत नाही? मी त्या खुर्चीत तोंडात मारल्यासारखा बसलो. बायको मेली त्या दिवशी जेवढा हादरलो होतो, तेवढाच परत हादरलो.

ती कशासाठी शिकत होती ते सांगायला पाहिजे. सून दुसऱ्या मुलखातली, पोराची आणि तिची भाषा इंग्रजी, म्हणून नातीचीही इंग्रजी. पोरीला मराठीतले दोन शब्द येतात, आजी आणि आजोबा. दर रविवारी सकाळी कॅनडाचा फोन यायचा. तिकडं शनिवारची संध्याकाळ असते. त्या वेळेला मी मटण आणायला मार्केटात जायचो, खाटकाकडं लाइन लावायची, गप्पा मारायच्या आणि आरामात परत यायचं. मी येईपर्यंत फोन संपलेला. “काय म्हणतीय पोरगी?” मी विचारायचो. “हाय बरी,” एवढंच उत्तर. मला वाटायचं दोघी नुसत्या हसत असतील, हात हलवत असतील.

पोरगा परत जायला निघाला तेव्हा विमानतळाच्या गाडीत बसायच्या आधी म्हणाला, “बाबा, तिला अजून सांगितलं नाही. आजी गावाला गेलीय, तिथं नेटवर्क नाही, असं सांगितलंय. तुम्ही पण तेच सांगा.”

“किती दिवस नेटवर्क नाही म्हणणार?”

“बघू. लहान आहे ती. तिला धक्का बसेल.”

“मला नाही बसला?”

त्यानं बॅग डिकीत ठेवली. त्याची पण आईच गेली होती, म्हणून मी पण पुढं वाढवलं नाही.

पुढच्या रविवारी मी मार्केटात गेलो नाही. फोन वाजला. पडद्यावर पोरगी, पुढचे दात पडलेले. मला बघितलं आणि माझ्या मागं बघायला लागली. मागं भिंत होती. “व्हेअर इज आजी?” म्हणाली. एवढं मला कळलं. मागून पोरगा इंग्रजीत काहीतरी म्हणाला, त्यातलं ‘आजी’ आणि ‘व्हिलेज’ मला कळलं. पोरगी काहीतरी लांबलचक बोलली, मला काही उमजलं नाही. मी नुसता “यस, यस” करत बसलो. आणि तो यस कशाला होता? आजी येणार का, याला होता का? आजी बरी आहे का, याला होता? हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटायला लागला. जन्मभर कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम केलं. पत्रा सरळ बसलाय याची खात्री झाल्याशिवाय पायडल दाबलं नाही. आणि इथं न बघता दाबतच होतो.

फोन ठेवला आणि ठरवलं. मेलेल्या बाईच्या नावानं मी या पोरीला फसवणार नाही. पण खरं सांगायचं तर कशात सांगू? माझं इंग्रजी म्हणजे शिफ्ट, ओव्हरटाइम, ब्रेकडाऊन, रिजेक्शन. त्यात बायको कशी मेली ते कसं सांगणार?

संध्याकाळी विहारात गेलो. मागच्या खोलीत बाया चटईवर बसल्या होत्या. मला बघून सगळ्यांनी डोक्यावर पदर ओढले, जणू कुणाच्या घरी सांत्वनाला आल्यात. मी म्हणालो, “जयभीम. मला पण शिकवा.”

“काका, तुम्ही?” मॅडम म्हणाली.

“का? माझ्या बायकोची जागा रिकामी हाय ना?”

भाजीवाली बाई सरकली आणि तिच्या शेजारची जागा हातानं झटकली. तिथं बसलो.

ही भाषा म्हणजे काय प्रकार आहे, ते मला तिथं कळलं. शब्द साधा असतो, ‘लुक’, म्हणजे बघणे. त्याच्या मागं ‘आफ्टर’ असं एवढंसं शेपूट लावलं की सांभाळणे. दुसरं लावलं की शोधणे. तिसरं लावलं की तुच्छ समजणे. मी म्हणालो, “मॅडम, बोल्ट एकच आणि नट बदलला की सगळी मशीनच बदलती, असं कसं?” मॅडम म्हणाली, “काका, नियम नाही. अंगवळणी पाडायचं.” म्हणून तिची रीत अशी होती की जे बोलायचं ते करून दाखवायचं. बाया उठायच्या, बसायच्या, चष्मा घालायच्या, काढायच्या, आणि तोंडानं इंग्रजी म्हणायच्या. कवायतच. मला पण करायला लावलं. पहिल्यांदा लाज वाटली. मग बाया म्हणाल्या, “तुमच्यापेक्षा ताई वरडून म्हणायची, भाऊ. खिडकीतनं पोरं बघायची.” वरडून! माझ्यासमोर ती आवाज चढवून कधी बोलली नव्हती.

एके दिवशी मी मॅडमला सरळ विचारलं, “मेली, याला काय म्हणतात?”

मॅडम म्हणाली, “पास्ड अवे म्हणा, काका. किंवा वी लॉस्ट हर.”

“म्हंजे?”

“आम्ही तिला गमावलं, हरवलं, असं.”

“हरवली कुठं? ती काय स्वारगेट स्टँडवर हरवली? माझ्या हातात मेली.”

वातावरण हलकं करावं म्हणून असेल, एक पोरसवदा बाई मोबाइलात बघून म्हणाली, “अजून एक हाय, किक द बकेट. बादलीला लाथ मारली.” आणि जीभ चावली. सगळ्यांनी खाली बघितलं.

“बादलीला?” मी म्हणालो. “माणूस मेला तर इंग्रज बादलीला लाथ मारली म्हणतात?”

“आपल्यात न्हाई का म्हणत, गचकला, खपला,” भाजीवाली पुटपुटली.

“व्हय. आटोपला.”

“टपकला,” कुणीतरी मागून म्हणालं, आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळी खोली हसायला लागली. मी पण. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसलो आणि हसता हसता घाबरलो, की हे काय करतोय मी.

त्या रविवारी फोन आला तेव्हा पोरगी तिच्या खोलीत होती, दार लावलेलं. “व्हेअर इज आजी?” परत तेच. मॅडमनं पाठ करून घेतलेलं वाक्य तोंडाशी आलं, पण ते गुळगुळीत शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी म्हणालो, “आजी डाइड.”

पोरगी बघत राहिली. मी पण बघत राहिलो. ती रडेल, आईला हाक मारेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, “हाऊ?”

कसं? कुणीच मला हे विचारलं नव्हतं. आलेली माणसं म्हणायची, फार लवकर गेली, चांगली बाई होती, धीर धरा. डॉक्टर म्हणाला, हार्ट. कसं झालं, हे फक्त या पोरीनं विचारलं.

मग मी सांगायला लागलो. कवायतीतले शब्द एकेक करून येत गेले. मॉर्निंग. किचन. आजी मेक भाकरी. आय सिट गॅलरी, न्यूजपेपर. साऊंड. परात फॉल डाऊन. आय गेट अप, आय रन. आजी फॉल डाऊन. आय पिक अप. शी नॉट वेक अप. समोरची बाई केम. ॲम्ब्युलन्स केम. दे टेक अवे.

एवढंच. सगळं संपलं. असं ओळीनं मी ते मराठीत पण कधी सांगितलं नव्हतं.

पोरगी विचार करत होती. मग म्हणाली, “वॉज द स्टोव्ह ऑन?”

“यस. भाकरी.”

“हू टर्न्ड इट ऑफ?”

ते मला कळलं. आणि मी तो दिवस आठवायला लागलो. मी तिला उचलली, हाका मारल्या, दार उघडून ओरडलो. शेगडीला मी हात लावला नव्हता. नक्की लावला नव्हता. ॲम्ब्युलन्सच्या पोरांनी पण नाही. मी म्हणालो, “आय आस्क. आय टेल यू.”

तेवढ्यात दार उघडलं, पोराचा आवाज आला, फोन बंद. थोड्या वेळानं त्याचा एकट्याचा फोन आला. “बाबा, काय केलंत हे? मी सांगितलं होतं ना? आता काही दिवस फोन नको.”

“नको तर नको,” मी म्हणालो खरं. नातीचा फोन गेला तर माझ्याकडं काय उरतं? भिंत उरती.

समोरच्या दारातल्या बाईला जाऊन विचारलं. ती भांडी घासत होती. “ताई, त्या दिवशी तुमी आत आला, गॅस कुणी बंद केला?”

तिनं हात धुतले, आठवलं. “बंदच होता, भाऊ. घर पेटेल म्हणून मी बंद करायलाच गेले होते पहिल्यांदा. बघितलं तर बटण फिरवलेलं. तव्यावर भाकरी एका अंगानं कच्ची.”

“पण ती भाकरी थापत होती ना?”

“दुसरी. पडलेल्या परातीत होती, अर्धवट थापलेली. तव्यावरची उलटली पण नव्हती.”

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. म्हणजे तिला कळलं होतं. छातीत काहीतरी होतंय, हे तिला आधी कळलं. मला हाक मारली नाही. हाक मारायला ताकद नव्हती का वेळ नव्हता, देव जाणे. मी तर देव मानत पण नाही. तिनं भाकरी उलटायची सोडली, बटण फिरवलं आणि मग पडली. मी समजत होतो झटका एकाएकी आला, तिला काही कळलंच नाही. सगळ्यांना तेच सांगत होतो, कळलंच नाही तिला, त्रास झाला नाही. स्वतःची समजूत पण तशीच घालत होतो. बाई हात पुसत विचारत होती, भाऊ, पाणी देऊ का.

रविवारी सकाळी मी फोन समोर घेऊन बसलो. वाजणार नाही असं धरूनच बसलो होतो. वाजला. पोरगीच होती. मागं पोरगा उभा, तोंड उतरलेलं. म्हणाला, “बाबा, आठवडाभर ऐकत नाही ही. तुम्हाला काहीतरी विचारायचंय म्हणते.” आणि तो बाजूला झाला.

“डिड यू आस्क?” पोरगी म्हणाली.

“यस.”

“हू?”

“आजी,” मी म्हणालो. “आजी टर्न्ड ऑफ. देन फॉल डाऊन.”

मागं पोरगा ऐकत होता, त्यालाही हे नवीनच होतं. त्यानं तोंडावर हात धरला.

“व्हाय?” पोरीनं विचारलं.

याला मला कुणी शब्द शिकवले नव्हते. मी स्वयंपाकघराकडं बघितलं, मग गॅलरीतल्या माझ्या खुर्चीकडं.

“बिकॉज,” मी म्हणालो, “आय वॉज इन द हाऊस.”