बाईचा आठवा पाय

आमच्या मामाजींइतका मातीचा चिकित्सक माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. पृथ्वी घडवताना देवाने यांचा सल्ला घेतला असता, तर बिचारा अजून चिखलच तुडवत बसला असता. मामाजी म्हणजे माझे सासरे. पवनी तालुक्यात कोंढ्याजवळ त्यांची धानाची शेती. पाहुण्याच्या चपलेला लागलेली माती पाहून तो कोणत्या वाटेने आला हे ते सांगतात, आणि पाहुण्याला चहा त्यानंतर मिळतो. माझ्या लग्नाच्या बोलणीत सगळ्यांनी माझी नोकरी विचारली, यांनी माझ्या गावची जमीन विचारली. आमची जमीन सिहार, म्हणजे रेताड, हे कळल्यावर त्यांचा चेहराच पडला. ती पाणी धरत नाही म्हणे. मुलगी दिली, पण मला ते आजही थोडा रेताडच समजतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी दोन बांध्या, म्हणजे धानाचे दोन तुकडे, एक करायला मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, मशीनने खणून काढला. मातीबरोबर तळहाताएवढा काळपट, केसाळ कोळी वर आला. टारांटुला. एक पाय तुटलेला. मजुरांनी चपला उचलल्या, तसा मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा त्याच्यावर टाकला. "काहून मारता बे? घर तिचं मोडलं, अन् मार पण तिलेच?" मशीन त्यांनीच बोलावली होती, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना गाठून त्यांनी विचारून घेतलं. ही मादी आहे, जमिनीत बीळ करून राहते आणि कात टाकली की तुटलेला पाय पुन्हा फुटतो. त्या दिवसापासून ती 'बाई' झाली, आणि आठवा पाय फुटला की तिला तळ्याच्या पारीवर, काठाच्या बांधावर, सोडायचं ठरलं.

तोवर राहायला घर हवं. त्यांच्या मुलाकडचं माशांचं हातभर लांबीचं काचेचं भांडं आलं, पण त्यात माती कोणती भरायची? मामाजींनी घरातले पाच लोटे घेतले, प्रत्येकात वेगळी माती ठोकून भरली, फावड्याच्या दांड्याने तिरपं भोक पाडलं आणि दारापुढच्या छपरीत ओळीने मांडून ठेवले. कन्हार, म्हणजे काळी चिकण माती, वाळून भेगाळली. सिहार ढासळली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे मुद्दाम पाहिलं. येणारेजाणारे विचारायचे, "काय पेरलं, बुवा?" "बीळ पेरलं," मामाजी गंभीरपणे सांगायचे. शेवटी मोरांड, म्हणजे या दोन्हींच्या मधली माती, पास झाली. भांडं त्यांनी गळ्यापर्यंत भरलं. मी म्हटलं, तिला फिरायला जागा कुठे ठेवली? "तिले उंची नाही लागत, जवाईबापू. वरून पडली तर पोट फुटते तिचं. तिले खाली जाऊ द्या." वर माझ्या बायकोच्या पिठाच्या चाळणीची जाळी बसली. चाळणी गेली ती गेलीच.

गेल्या हिवाळ्यात मामाजींच्या छातीचं दुखणं निघालं आणि मुलाने त्यांना नागपूरला, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी न्यायचं ठरवलं. सुनेने बाईपुढे दुरूनच हात जोडले. म्हणून बाई आमच्याकडे भंडाऱ्याला आली. एसटीत ते जड भांडं आम्हा दोघांच्या मांड्यांवर होतं. कंडक्टरने विचारलं, "काय हाये त्यात?" "माती हाये," मामाजी म्हणाले. "जवायाच्या घरची बरोबर नाही, म्हणून नेऊन राहिलो." सगळी एसटी हसली, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला तीन गोष्टी तीनदा बजावल्या. आठवड्यातून एकदा एकाच कोपऱ्यात पाणी शिंपडायचं. हात लावायचा नाही. "अन् बिळाचं तोंड बंद दिसलं, तर घाबरू नोका. कात टाकाले बसली समजा."

वैशाखात एका सकाळी तोंड बंद दिसलं. मी आनंदाने फोन केला, त्यांचा आवाज किती दिवसांनी खुलला. मग वीस दिवस झाले, पंचवीस झाले, बाहेर ऊन रणरणत होतं आणि बिळात काही हालचाल नाही. मला वाटलं, बाई गुदमरली. जमीन सिहार असली तरी मीही धानवाल्याच्याच घरचा. बांधीतलं पाणी जायचं तोंड बुजलं की आमचे हात विचारायला थांबत नाहीत, फावडं लावून मोकळे होतात. मी उलथनं घेतलं.

ती उताणी होती. शेजारी जुनी कात, आणि बाई नवी, फिकट, लोण्यासारखी मऊ. मी पाय मोजले. आठ होते. आठवा बारीक होता, पण होता. उलथन्याची कड तिच्या पोटाला लागली होती. दुपारपर्यंत ती गेली. मी तिला तिच्याच बिळात ठेवलं, वर माती लोटून तोंड दाबून टाकलं आणि स्वयंपाकघरात येऊन रडलो. बायको म्हणाली, "बाबांना सांगून टाका." माझ्याने झालं नाही. रविवारी फोन यायचा, "बाई कशी हाये?" मी सांगायचो, तोंड बंद करून बसली आहे. "बसू द्या, बसू द्या. घाई नोका करू." आणि मी दर आठवड्याला कोपऱ्यात पाणी शिंपडत राहिलो.

दिवाळीनंतर मामाजी आले. खूप वाळले होते. चहा बाजूला ठेवून भांड्यापाशी बसले, कोपऱ्यातल्या मातीत बोट घालून वास घेतला, मान डोलावली. मग बिळाच्या तोंडाकडे पाहू लागले. त्या वाळलेल्या मातीवर माझ्या अंगठ्याचा ठसा होता. इतके महिने मी तिथे वाकत होतो आणि मला तो कधी दिसला नव्हता.

ठशावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "आठवा पाय आला होता का?"

"आला होता, मामाजी."

"मंग माती बरोबर होती," ते म्हणाले, आणि बोटाने तो ठसा हळूहळू पुसून टाकला.

फोन अजून दर रविवारी येतो. बाईचं ते विचारत नाहीत. "जवाईबापू, तुमची तब्बेत बरी हाये ना?" एवढंच विचारतात. मी "बरी आहे" म्हणेपर्यंत ते पलीकडे शांतपणे थांबतात, आणि मला ते म्हणायला दर वेळी उशीर होतो.