हे वरचं झालं

सुजाताचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "मावशी, अण्णा गेले," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत पुढे म्हणाली, "आश्रमाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पण मी आपल्या डॉक्टरांनाही नेऊन दाखवलं. गेलेत." मला रडू यायला हवं होतं आणि आलं हसू. माणूस मेल्याचीही दुसऱ्या डॉक्टरकडून खात्री करून घेणारं घर सबंध पुण्यात एकच असेल, आणि नेमकी त्याच घरात माझी थोरली बहीण दिलेली होती. अण्णा म्हणजे तिचे यजमान, माझे भाऊजी. ताई आधीच गेली होती, आता तेही गेले. भेटायला येणारे सगळे त्यांच्याविषयी चांगलं बोलून दमले आहेत, तेव्हा आता मी बोलते.

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात भाऊजींचा गाळा. तांदूळ, डाळी, थोडा गहू. पोत्यातल्या मालाचा नमुना काढायला एक टोकदार लोखंडी नळी असते. ती खुपसली की आतलं धान्य नळीतून घरंगळत तळहातावर येतं. बाकीचे व्यापारी हात पोचेल तिथे ती टोचायचे. भाऊजी हमालाला पोतं आडवं करायला लावायचे आणि अगदी बुडाशी टोचायचे. माल आणणारा म्हणायचा, "शेठ, एक नंबर आहे, डोळे झाकून घ्या." त्यावर भाऊजींचं ठरलेलं उत्तर होतं, "हे वरचं झालं. तळचं दाखवा." या एका सवयीवर त्यांनी धंदा केला आणि धंद्यात ते कधी फसले नाहीत, हे मला मान्यच करायला हवं. फ्लॅट घेऊ का, नोकरी सोडू का, भागीदार घेऊ का, असं विचारायला नात्यातली तरुण मुलं त्यांच्या गाळ्यावर येऊन बसत. भाऊजी सल्ला देत नसत, प्रश्न देत. "भागीदाराचं याआधी कुणाशी फाटलं ते शोध, आणि त्या माणसाला भेटून ये," असं सांगून पाठवायचे. कितीतरी जण त्यामुळे वाचले. मीसुद्धा एक फ्लॅट घेता घेता त्यांच्यामुळेच थांबले, आणि त्या इमारतीला पुढे कित्येक वर्षं पाणी नव्हतं.

पण माणसांनाही ते हीच नळी टोचायचे. ताईला बघायला आले तेव्हाची गोष्ट. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, आमचे वडील म्हणाले, "मुलगी शांत आहे, घरकामाला वाघ आहे." भाऊजी त्या वेळी विशीतले, पण म्हणाले, "हे वरचं झालं. तळचं सांगा." वडील गडबडले. काहीच नाही म्हटलं तर हा माणूस उठणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "लहानपणी थोडी... दम्याची तक्रार होती," ते म्हणाले. ताईला दमा कधीच नव्हता. भाऊजींनी मात्र समाधानाने मान हलवली आणि स्थळ पसंत केलं. त्यानंतर ताईला आयुष्यभर दही मिळालं नाही. कैरी नाही, आइस्क्रीम नाही, थंड पाणी नाही. "अहो, मला दमा नाहीये हो," ती कितीदा तरी म्हणाली. भाऊजी म्हणायचे, "तू वरचं सांगणार." आम्ही बहिणी यावर पोट धरून हसायचो. ताई माझ्या घरी आली की आधी वाटीभर दही खायची, चोरून, माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या. आता आठवलं की हसू येत नाही.

सुजाता त्यांची एकुलती एक. बी.कॉम. झाल्यावर तिने स्वतःच शिरीषचं नाव घरात काढलं. वाघोलीच्या एका कॉलेजात तो शिकवायचा, तिथेच खोली घेऊन राहायचा. तेव्हा वाघोलीत आतासारखे टॉवर नव्हते, कॉलेजं नुकती कुठे येत होती. बोलायला सरळ मुलगा. जेवायला बोलावलं तर जेवून स्वतःचं ताट उचलून आत ठेवणारा. भाऊजींना तो आवडला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आवडला म्हणूनच ते चौकशीला गेले. त्याच्या खोलीजवळ एक किराणा दुकानदार होता, भाऊजींच्याच गाळ्यावरून माल नेणारा. त्याला विचारून भाऊजी परत आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "पितो."

सुजाता म्हणाली, "मी त्याला विचारते."

"तो वरचं सांगेल."

मी त्या वेळी भांडले. म्हटलं, "भाऊजी, मुलाला समोर बसवून विचारा ना एकदा." त्यांनी माझ्याकडे फार कीव करून बघितलं. "कुमुद, पोतं स्वतःबद्दल काय सांगणार?" आणि खरं दुखणं असं की सुजातालाही ते पटलं. लहानपणापासून तिने हेच ऐकलं होतं. तिने शिरीषला काही विचारलं नाही, काही सांगितलंही नाही. तो काही महिने फोन करत राहिला, मग त्याचं लग्न झाल्याचं कळलं. पुढे आलेल्या प्रत्येक स्थळाच्या तळाशी काही ना काही निघालं. कुणाच्या काकांनी घर सोडलेलं, कुणाच्या बहिणीचं माहेरी परत येणं, कुणाची नोकरी कच्ची. हळूहळू स्थळं यायची थांबली. सुजाता गाळ्यावर बसायला लागली आणि बघता बघता बापाहून कडक झाली. लोक कौतुकाने म्हणायचे, अगदी अण्णांवर गेलीय. मला ते ऐकवत नसे.

भाऊजी बाथरूममध्ये पडले आणि त्यांना एकटं ठेवणं अशक्य झालं, तेव्हा सुजाताने वृद्धाश्रमांची चौकशी सुरू केली. न कळवता, ऐन जेवणाच्या वेळी जायची. ऑफिसात न बसता तडक स्वयंपाकघरात शिरायची, डाळीचा डबा उपडा करून बघायची, सगळ्यात शेवटची खोली आणि सगळ्यात शेवटचा संडास उघडायला लावायची. लोणी काळभोरच्या बाजूची एक जागा तिच्या परीक्षेत उतरली. भाऊजींना गाडीत बसवताना मी तिथे होते. तिने पायांवर शाल घातली आणि म्हणाली, "सगळी चौकशी करून ठरवलंय, अण्णा." त्यांनी एकच विचारलं, "तळचं बघितलंस?" "बघितलं." "मग झालं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना वाईट वाटलं नाही, अभिमान वाटला. मुलगी शिकली होती ना.

मी शेवटची भेटायला गेले ती त्यांच्या जाण्याच्या थोडेच दिवस आधी. खोली स्वच्छ, चादर स्वच्छ, जेवण वेळेवर. तक्रारीला जागा नव्हती, आणि तिथे त्यांच्याशी बोलायलाही कुणी नव्हतं, कारण ते चौकशीत बसत नाही. इकडचं तिकडचं झाल्यावर एकदम म्हणाले, "कुमुद, मी माणूस कसा होतो गं?"

"चांगले होतात की, भाऊजी."

"हे वरचं झालं."

मी उठायला लागले. त्यांनी माझा हात धरला, या माणसाने मला आयुष्यात कधी हात लावला नव्हता. "तळचं सांग," ते म्हणाले. मग मी सांगितलं. "तुम्ही ताईच्या तोंडचं दही काढून घेतलंत आणि सुजाताचं सगळं आयुष्य नासवलंत. तुमच्यामुळे ती एकटी मरणार आहे." खोटं त्यात काही नव्हतं, म्हणून मला त्याची टोचणी नाही. भाऊजींनी डोळे मिटले, तळहातावरचे दाणे चोळावेत तशी बोटं चोळली आणि मान हलवली. "हं... हे बरोबर वाटतंय," ते म्हणाले. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर फक्त गाळ्यावर बघितलं होतं.

तेराव्यानंतर तो वाघोलीचा दुकानदार भेटायला आला. आता म्हातारा झालाय, दुकान मुलगा बघतो. चहा घेता घेता तो भाऊजींच्या आठवणी सांगत होता. "आण्णा लई खोलात जायचे बघा. कुणाची चवकशी कराया आले की मी म्हणायचो, मानूस चांगला हाय. ते म्हणायचे, हे वरचं झालं, तळचं सांगा. उठायचेच न्हाईत. गिऱ्हाईक खोळंबलेलं. मग मी आपलं कायबी सांगायचो. पितो, न्हायतर तापट हाय. वाईट सांगितल्याबिगर त्यांला खरं वाटायचंच न्हाई." तो हसला. सवयीने मीही हसले असते, पण सुजाताने हातातली कपबशी खाली ठेवली.

"काका," ती म्हणाली, "शिरीष प्यायचा नाही?"

त्याने आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे बघितलं. "कोन शिरीष?"

सुजाताने त्याला आणखी चहा हवा का विचारलं.

चार-दोन दिवसांनी मी गाळ्यावर गेले. ती एकटी बसत असेल म्हणून गेले. इंद्रायणी तांदळाची गाडी लागली होती. खुंटीवरून तिने बापाची नळी काढली, पोतं आडवं करायला लावलं, बुडाशी टोचली. तळहात माझ्यासमोर धरून म्हणाली, "मावशी, कसा आहे?" तांदूळ सुरेख होता, वास थेट नाकात शिरत होता. मी म्हटलं, "छान आहे."

"हे वरचं झालं," ती म्हणाली. म्हणाली आणि थबकली. गाडीवाला ताटकळत होता, हमाल खांद्यावरचं फडकं झटकत होता. मी पुन्हा म्हटलं, "छान आहे, सुजा. खरंच छान आहे. याच्या तळाशी काही नाही." माझा आवाज मलाच विनवणीचा वाटला. तिने त्या दाण्यांकडे बघितलं. एक उचलून दाताखाली फोडला. मग हात झटकला, नळी पुसून खुंटीला लावली आणि हमालाला म्हणाली, "परत पाठवा."