केर काढायची वेळ

"ठेव तो झाडू! मानूस आत्ता भायेर पडलाय."

श्रीवर्धनच्या आमच्या वृद्धाश्रमात ही कोळीण आजी रोज सकाळी माझ्यावर अशी खेकसायची. माणूस म्हणजे तिचा नवरा. होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही, त्याला कित्येक वर्षं झाली. हिच्या लेखी मात्र तो रोज सकाळी निघायचा.

घरचं माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढू नये, नाहीतर ते परत येत नाही. तुमच्याकडेही पाळत असतील. पण आश्रमात सकाळी खोल्या झाडायच्या म्हणजे झाडायच्या. एकजण तिचे हात धरायची आणि मी केर काढायची. मग आजी दिवसभर अन्नाला शिवायची नाही, नुसती थरथरायची. शेवटी झोपेच्या गोळ्या चालू झाल्या.

मग आश्रम सांभाळायला नव्या मॅडम आल्या आणि आम्हा कामवाल्यांना म्हणाल्या, "आधी प्रत्येकाला त्याची रीत विचारा. आपलं वेळापत्रक नंतर."

म्हटलं, झालं कल्याण! जितकी म्हातारी तितक्या तऱ्हा. कुणाकुणाची मर्जी सांभाळायची? पण विचारलं.

आजी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या दिशी सासू बोलली, पाव्हनं येतील, केर काढ. मी काढला गं." आणि माझा हात घट्ट धरून बसली.

तेव्हापासून तिची खोली तिच्या हुकमाने झाडायची. ती खिडकीशी बसून समुद्राकडे बघायची. जेवणं झाल्यावर म्हणायची, "पोचले असतील जाळ्यापाशी. काढ आता." गोळ्या सुटल्या, दोन घास पोटात जायला लागले. मलाच मेलीला खोड लागली, जाता-येता खिडकीतून होडी दिसते का बघायची.

गेल्या पावसाळ्यात तिने अंथरूण धरलं. एकदा जवळ बोलावून म्हणाली, "मी गेली की लगोलग केर काढ. थांबू नको."

"असं काय बोलता आजी?"

"ते न्हाय आले. मी तरी फिरून कशाला येऊ?"

चार दिवसांनी ती गेली. तिला घेऊन गाडी फाटकाबाहेर वळली तशी मी झाडू घेतला. डोळ्यांना धार लागली होती, केर कुठे ते दिसेना. शेजारच्या खोलीतल्या काकू दारात येऊन ओरडल्या, "अगं मेले, काळीज आहे का दगड? आत्ता कुठे बाहेर पडली ती!"

मी थांबले नाही.