विमानाखालची झाडलोट

"घाई नाही, पण आत्ताच," असं म्हणून साहेब माझ्या जीपच्या दारावर थापटायचे. चहा हवा असो, वाट बदलायची असो, वाक्य तेच. देवरीच्या जंगलात झाडं मोजणाऱ्या सर्व्हेने माझ्या जीपा भाड्याने घेतल्या होत्या. साहेब साताऱ्याकडचे, बुटके, टोपी सतत कानावर घसरलेली. क्लीनरपासून मालक झालेल्या मला माणूस किती पाण्यात आहे ते चटकन कळतं. यांचं कळेना.

त्यांचं काम तुम्ही बघायला हवं होतं. छोटं विमान जंगलावरून लेसरचे किरण सोडणार. काही किरण शेंड्यावर आपटून परतणार, काही फांद्यांमधून थेट जमिनीपर्यंत जाऊन. त्या फरकावरून प्रत्येक झाडाची उंची. ना चढायचं, ना तोडायचं! मी त्याच दिवशी सौदा केला. जादा फेऱ्यांचं भाडं सोडतो, मला एकदा विमानात बसवा.

"शेवटच्या दिवशी नक्की," साहेब म्हणाले.

त्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, तर साहेबांनी जीप धावपट्टीऐवजी जंगलाकडे वळवायला लावली. टोल्याच्या, म्हणजे जंगलाकडेच्या वस्तीच्या, अंगाने धूर निघत होता. मोहाची फुलं वेचायला जमीन मोकळी हवी, म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात. धुरात किरण अडकले की मोजणी वाया, आणि उडायची परवानगी त्याच दिवशी संपत होती.

एका मोहाखाली टोल्यावरची एक काकी काडी ओढायच्या बेतात उभी होती. मी भडकलो.

"काकी, ठेव ते. विमान येऊन राहिलं."

"त येऊ दे ना जी. पाला राहिला त फुलं दिसतेत का? तुमचं विमान वेचून देते का मले?"

"तुले समजत नाही का?"

"आवाज खाली. मी नवऱ्याचं बी आयकत नाही."

साहेबांनी टोपी जीपमध्ये टाकली. "काकी, आम्ही झाडून दिलं तर?"

"झाडा."

साहेब तिचाच खराटा घेऊन वाकले. वाऱ्याच्या उलट झाडत होते, पाला परत त्यांच्याच पायांवर. काकी हसून हसून खालीच बसली. "घरी झाडणारी बाई लय चांगली दिसते साहेबाची." मग तिनेच टोल्याला हाक मारली. कुणी पेटलेला पाला हिरव्या फांद्यांनी विझवला, कुणी खराटे आणले. मीही लागलो, त्याच शर्टात.

धूर विरला आणि विमान आलं. डोक्यावरून गेलं तेव्हा एक पान हललं नाही, पण तेवढ्यात सगळं जंगल मोजून झालं होतं. माझ्या अंगावर काटा आला. काकीसकट सगळा टोला पलीकडे वाटेवर माना वर करून उभा होता. मग मला आठवलं.

"साहेब, माझी जागा रिकामी जाऊन राहिली वर."

"शेठ, तुम्ही वर असता, तर खाली कोणी झाडलं असतं?"

परतताना मी एकही खड्डा चुकवला नाही. तो राग अजून आहे.

काही आठवड्यांनी त्यांनी गोंदियातल्या लॉजवर बोलावलं. संगणकावर ठिपक्यांचं जंगल उभं होतं. बोटाने फिरवलं की फिरायचं. मोह, साग, ऐन, एकेक झाड वेगळं. मी खुर्ची सोडून उभाच राहिलो. एका मोहाखाली ठिपक्यांचे दोन छोटे पुंजके होते.

"हे झुडूप?"

"हे आपण दोघं. काढावं लागेल. झाड नाही ते ठेवता येत नाही."

"पुसाल त विमानात बसवा," मी म्हणालो.

साहेब हसले. एक पुंजका पुसला. दुसऱ्यावर बोट आणलं, थांबले आणि संगणक मिटला. "एवढं एक झुडूप चालेल."

पावसाळ्याआधी ते दुसऱ्या राज्यात गेले, पुढे फोनही लागेना. देवरीच्या त्या ठिपक्यांच्या जंगलात मोहाखाली मी एकटाच उभा आहे. ते उभे होते तिथे नुसती झाडलेली जमीन आहे.