वाटीभर ताजा सांभार

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडमागे भूपेंद्र शहारेचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान पुढे, घर मागे. दोन हजार बाराच्या सुमारास त्या घरातून सकाळी सकाळी असा गोड वास सुटायचा, की पॅसेंजर गाठायला पळणारी माणसंही क्षणभर थांबून नाक वर करायची आणि म्हणायची, "शहाऱ्याच्या सुनेनं आज रेती तापवली वाटते."

भूपेंद्रची बायको दामिनी केक करायची, आणि ते रेतीत. घरी ओव्हन नव्हता, असता तरी लाईनचा भरवसा नव्हता. गाढवी नदीची रेती तिने स्वतः चाळली होती, धुतली होती, अंगणात पापडासारखी वाळवली होती. ती जर्मनच्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पसरायची, चांगली तापली की मधोमध केकचा डबा ठेवायचा, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. मग वाट पाहायची. केक करणं हे अर्धं वाट पाहण्याचंच काम आहे, आणि वाट पाहण्यात आमचा धानाचा मुलूख कुणाला हार जात नाही.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की भूपेंद्रच्या कॉम्प्युटरवर ती ब्लॉग लिहायची. ब्लॉगचं नाव 'रेतीतला केक'. टायपिंग एका बोटाचं, पण लिहिणं खरं. जमलेला केक जसा छापायची, तसाच फसलेलाही, तितक्याच मानाने. एकदा झाकण काढताना मूठभर रेती डब्यात सांडली. सासूने, रुख्माबाईने, पहिला घास घेतला, दातांखाली कर्रकन वाजलं, तशी ती कौतुकाने म्हणाली, "बदाम टाकले का व?" दामिनीने ते वाक्य जसंच्या तसं ब्लॉगवर टाकलं. दुसऱ्या खेपेला केकचा फोटो काढताना मागे कोंबडी आली. केकबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कोंबडी अंड्यांवर बसली आहे का, हे मात्र नाशिकपासून दुबईपर्यंत सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. दामिनीने प्रत्येकाला उत्तर दिलं, "हो, खुडूक आहे."

"घराचं नाव काढलं कोंबडीनं," रुख्माबाई म्हणाली. "तू नुसती फुंकणीच फुंकून राहिली."

त्या वर्षी धान चुरून कोठीत गेला आणि दामिनीने खाऱ्या केकची कृती लिहिली. मैदा, दही, खायचा सोडा, लसूण, हिरवी मिरची आणि वाटीभर ताजा सांभार. आता आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. घरामागच्या वाडीत सांभार, बाजारात सांभार, वरणावर सांभार. हॉटेलात इडलीसोबत जे पातळ वाढतात ती आमच्या लेखी डाळ. कोथिंबीर हा शब्द दामिनीला शाळेच्या पुस्तकातून माहीत होता, पण पुस्तकातल्या शब्दाला वास नसतो. म्हणून तिने सांभार लिहिला आणि खाली काळजीने सूचना जोडली: 'सांभार ताजाच घ्यावा. कालचा घातला तर केकला कुबट वास येतो.'

ती सूचना नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

धान घरात आला की आमच्याकडे माणसांना सोयरिकी सुचतात. भूपेंद्रची धाकटी बहीण रंजिता, नर्सचं शिकलेली, बोलायला मिरचीसारखी. तिच्यासाठी चंद्रशेखर लाडेचं स्थळ आलं. चंद्रशेखरचे वडील दुधरामजी मूळचे सडक अर्जुनीकडचे. तरुणपणीच पुण्याला कारखान्यात लागले, तिकडचीच मुलगी केली, तिकडेच राहिले. स्थळ आलं म्हणायचं, पण ते आणलं कुणी हे दामिनीला ठाऊक होतं. साकोलीच्या एका लग्नात रंजिता आणि चंद्रशेखर एका पंगतीत बसले होते, आणि तेव्हापासून भूपेंद्रच्या दुकानातले रिचार्ज उंदराने खाल्ल्यासारखे नाहीसे होत होते.

"वयनी," रंजिताने तिला न्हाणीपाशी गाठून सांगितलं, "मले करायचं तं यालेच. मोडली सोयरीक तं तुया कॉम्प्युटर विहिरीत."

"मी काय केलं व?"

"त्याची माय तुया ब्लॉग वाचून राहिली. रोज. काही उलटसुलट लिवू नको, म्हणून सांगतो."

रुख्माबाईने तर पंचायतच बसवली. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी तिने लेकीला आणि सुनेला समोर बसवलं. "पुण्याची बाई हाय. रंजिता, तू तोंड उघडायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. पोरीचं जमलं तं दामिनी, लिव तू काय लिवते ते. नाही जमलं तं तो ब्लॉग बंद. मंग रेती वापस नदीत."

पाहुणे आले. जय भीम झालं, पाणी झालं, प्रवासाची चौकशी झाली. दुधरामजी अंगाने बारीक, डोळ्यांनी त्याहून बारीक. ते शुद्ध, इस्त्री केल्यासारखं मराठी बोलत होते, आणि जरा कुठे "काऊन" निसटलं की शेजारून त्यांची बायको हेमलताबाई हळूच म्हणायच्या, "का म्हणावं." चंद्रशेखर खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. तो अंगठा त्याला फार आवडलेला दिसत होता, कारण रंजिताचं पाऊल त्याच्या समोरच होतं.

पोहे आणायला दामिनी उठली, तोच हेमलताबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. "मी तुमच्यासाठी आणलंय. दामिनीचा ब्लॉग वाचून केलाय. तिचा खारा केक. म्हटलं, इकडच्या घरी जायचं तर इकडचंच काही करून न्यावं. जसं लिहिलंय तसंच केलंय हो, सगळं."

दामिनीचा ऊर भरून आला. पुण्याच्या बाईने तिची कृती करून पाहिली, आणि ती गाडीतून, मांडीवर डबा घेऊन, थेट तिच्या दारात आणली! तिने सगळ्यांपुढे बशा मांडल्या. डब्याचं झाकण उघडलं. आत जे होतं ते पिवळट होतं, ओलसर होतं, आणि डबा हलला की तेही थोडं उशिराने हलत होतं.

रुख्माबाईने पहिला घास घेतला. ती चावत राहिली. चावता चावता तिचे डोळे मोठे झाले, मग बारीक झाले, मग स्थिर झाले. पुण्याच्या लोकांना असंच आवडत असेल, असं तिने मनाशी ठरवल्याचं दामिनीला स्पष्ट दिसलं.

"बेस झाला," रुख्माबाई म्हणाली आणि तोंडातून काहीतरी लांबट, धाग्याधाग्याचं काढून बशीच्या काठावर ठेवलं.

हेमलताबाईंनी स्वतःही एक घास घेतला. तो गिळताना त्यांना त्रास होत होता, पण त्या हसत होत्या. या लोकांना असंच आवडतं, असं त्यांनीही ठरवलेलं होतं. "चव वेगळी असते नाही तुमच्याकडची?" त्या म्हणाल्या. "सवय करायला हवी."

"तुमच्याकडची बी येगळीच," रुख्माबाई मोठ्या मनाने म्हणाली. भूपेंद्रने पाण्याचा अख्खा तांब्या संपवला.

दामिनीने घास तोंडात घातला. चिंच. मोहरी. तुरीची डाळ, रात्रभर प्रवास करून आंबलेली. आणि मग दातांत अडकली शेवग्याची शेंग. केकात शेंग कुठून आली, हे तिला कळेना. ती बाहेर काढावी की गिळावी, हेही कळेना. तिने शेंग गालात दडवली आणि हेमलताबाईंकडे पाहून मान डोलावली.

"रंजिता, तुला आवडला?" हेमलताबाईंनी विचारलं.

विचारलं तेवढंच सांगायचं, असं आईनेच बजावलं होतं. रंजिताने विचारलं तेवढंच सांगितलं.

"नाही जी. ढोरानंबी नसता खाल्ला."

दुकानात कुणाचा तरी दुरुस्तीला टाकलेला फोन वाजत होता, तो सगळ्यांना ऐकू आला. रुख्माबाईने कपाळाला हात लावला. हेमलताबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागचं माणूस निघून गेल्यासारखं झालं. त्यांनी बशी खाली ठेवली. "मी तर लिहिलं तसंच केलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

दामिनीने गालातली शेंग काढली. सोयरीक गेली, ब्लॉग गेला, रेती नदीत गेली, हे सगळं तिला एकदम दिसलं. पण सगळ्यांत जास्त तिला त्या बाईचे लाल कान दिसले.

"काकू, तुम्ही यात काय काय टाकलं?"

"मैदा, दही, सोडा, लसूण, मिरची आणि वाटीभर सांबार. ताजा. तू लिहिलंस ना, कालचा नको म्हणून? पहाटे उठून केला. डाळ शिजवली, चिंच घातली, मसाला भाजून घातला, शेंगा घातल्या. गरम गरमच ओतला पिठात."

दामिनी उठली. ती मागच्या दाराने वाडीत गेली, मुठीत मावेल तेवढी हिरवी जुडी उपटली आणि मुळांच्या मातीसकट हेमलताबाईंच्या हातात दिली.

"ही तर कोथिंबीर," हेमलताबाई म्हणाल्या.

"हाव जी. आमच्याकडे हाच सांभार."

हेमलताबाई त्या जुडीकडे पाहत राहिल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून कढईत तेल उडावं तसा आवाज आला. दुधरामजींचे खांदे हलत होते. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आता सगळ्यांच्या लक्षात आलं, की त्यांच्या बशीतला केक जसाच्या तसा होता.

"तुम्हाला माहीत होतं?" हेमलताबाईंनी विचारलं.

दुधरामजींनी रुमाल काढला. इस्त्री केलेलं मराठीही त्याच्याबरोबरच खाली पडलं. "मले नाही मालूम राहील? मी इथंसा जन्मलो ना व."

"मी डाळ शिजवत होते तेव्हा तुम्ही तिथेच होतात!"

"होतो ना. तू म्हणाली, शेंगा सोलून द्या. म्या सोलून देल्ल्या."

"आणि एका शब्दाने बोलला नाहीत?"

"लगन झाल्यापासून तू माया एक एक शब्द दुरुस्त करून राहिली," दुधरामजी म्हणाले. "म्हटलं, हा एक राहू दे तसाच."

चंद्रशेखरने अंगठ्यावरची नजर काढून आईकडे पाहिलं. तो घाबरला होता. हेमलताबाई उठल्या. त्यांनी पिशवी उचलली, तेव्हा रंजिताचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. दामिनीने तिचा हात घट्ट धरला. पण हेमलताबाईंनी पिशवीत फक्त ती जुडी नीट ठेवली आणि त्या रंजितासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"यांची ही बोली तुला सगळी येते?"

"येते जी."

"हे आणि यांचे भाऊ फोनवर तासतास बोलतात आणि हसतात. तेही कळेल तुला?"

"अर्धं न ऐकता कळंल."

"आणि मला सांगशील? खरं खरं?"

रंजिताने एकदा आईकडे पाहिलं. आई काही खूण करण्याच्या स्थितीत नव्हती. "मले खोटं बोलाले जमत नाही, काकू. आता पायलंच ना तुमी."

"पाहिलं," हेमलताबाई म्हणाल्या. "मला आमच्या घरात अशीच कुणीतरी हवी होती. इतकी वर्षं मी एकटी आहे आणि समोर हे सगळे."

आमच्याकडे सोयरीक पक्की झाल्याशिवाय कुणी कुणाला ईनबाई, म्हणजे विहीणबाई, म्हणत नाही. रुख्माबाईने पदर सावरला, घसा साफ केला आणि विचारलं, "मंग ईनबाई, चहा मांडू का?"

चंद्रशेखर पुन्हा खाली पाहू लागला, पण आता तो अंगठ्याकडे पाहत असल्याचं सोंगही नीट करीत नव्हता. भूपेंद्रने सुटकेचा श्वास सोडला आणि दुकानातला फोन घ्यायला पळाला.

"चहा येऊ द्या," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांनी डबा उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "तुम्ही हा संपवा. सगळा. शेंगा तुम्हीच सोलल्या आहेत." आणि त्या रंजिताला घेऊन मागच्या दाराने वाडीत निघून गेल्या.

दुधरामजी खायला लागले. माणूस जिद्दीचा, एकेक घास घेत होते आणि प्रत्येक घासाला "बेस, बेस" म्हणत होते. दामिनी त्यांच्या समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. खिडकीतून वाडी दिसत होती. हेमलताबाई टमाटरच्या झाडापाशी वाकल्या होत्या, एका लाल फळाला बोट लावून काहीतरी विचारत होत्या, आणि रंजिता त्यांच्या कानाशी लागून सांगत होती, "भेदरे." मग वांग्याच्या झाडापाशी. मग कुंपणापाशी, तिथे बराच वेळ. एकदा दोघींनी वळून घराकडे पाहिलं आणि दोघी हसल्या.

दुधरामजींचा हात डब्यात थांबला. "ते पोट्टी काय काय सांगून राहिली व तिले?"

"तुमी केक खा जी," रुख्माबाई म्हणाली.