येममावशीचा पडीक तुकडा

येममावशीने एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलेलं मला आठवत नाही. "जेवलीस का?" विचारलं तर "का? तुला काय करायचंय?" मी तिची सख्खी भाची, तरीही. तिला दोष तरी कसा देऊ? शिकलेल्यांना शत्रू मानणाऱ्या त्या काळ्या कपडेवाल्या बंडखोरांच्या राज्यात "शिकलेलं कोण आहे, हात वर करा" असं विचारलं गेलं, तिच्या भावाने हात वर केला, आणि तो परत कुणाला दिसला नाही. तेव्हापासून मावशीने शिरगणतीवाल्यांना तीन वेळा तीन वयं सांगितली. शेजारणीने कालवण दिलं तर आधी कोंबडीला घालायची. कोंबड्या मात्र छान पोसल्या होत्या.

ते राज्य गेल्यावरही काळ्या कपडेवाल्यांनी जंगलातून चालवलेली लढाई थांबून दोन वर्षं झाली होती. रेडिओवर रोज शांततेची गाणी लागत. "रेडिओचं काय जातंय गायला," मावशी म्हणायची. त्याच सुमारास जंगलातून शरण आलेला सारेथ आमच्या गावात, सासुरवाडीला राहायला आला. तो कुणाच्या बाजूने लढला हे तोंडाने कुणी बोलत नसे. सगळे त्याला नुसतं "तिकडचा" म्हणत.

मावशीच्या शेताचा पूर्वेकडचा तुकडा तेरा वर्षं पडीक होता. तिचा नवरा विरेक तिथे म्हशीसाठी गवत कापायला गेला आणि पायाखाली सुरुंग फुटला. संध्याकाळपर्यंत जगला बिचारा. नंतर तिथे कुत्रंही फिरकत नव्हतं. आणि त्या पावसाळ्यात, लावणीच्या तोंडावर, भर दुपारी गाव आडवं झालेलं असताना, त्याच तुकड्यात सारेथ गुडघ्यांवर बसून माती उकरताना मावशीला दिसला.

"सोनं!" ती माझ्या कानाशी म्हणाली. पंचाहत्तर साली काळ्या कपडेवाल्यांनी गाव रिकामं करायला लावलं तेव्हा तिच्या वडिलांनी सोन्याचा डबा कुठेतरी पुरला होता, आणि जागा न सांगताच ते गेले.

"अगं मावशी, पण तिथे सुरुंग..."

"तेच तर म्हणते! हा घाबरत नाही, म्हणजे कुठे आहेत ते याला माहितेय. माहितेय, म्हणजे यानेच पुरलेत. आणि कशाला? माझ्या बापाच्या डब्यावर राखण म्हणून!"

खरं सांगते, मलाही त्या माणसाचा संशय यायला लागला. चार दुपारी आम्ही दोघी वारुळामागे दबा धरून बसलो. तो बांबूच्या कामटीने माती टोचायचा, बोटांनी बाजूला करायचा, काहीतरी उचलून टोपलीत ठेवायचा, वर गळ्यातला क्रामा, आपला चौकडीचा पंचा, पांघरायचा आणि दोन्ही हातांनी टोपली धरून रानाकडे जायचा.

"कसा जपून नेतोय बघ," मावशी दात-ओठ खात म्हणाली. "जड असणार."

पाचव्या दिवसापासून टोपली रिकामी जायला लागली, पण उकरणं काही थांबेना. आणि एकमेकींच्या शेतात राबायच्या सावडीची पाळी मावशीकडे आली. दुसऱ्या दिवशी वीस बायका तिच्या शेतात लावणीला उतरणार होत्या. त्या संध्याकाळी सारेथ तिच्या खांबांवरच्या घराच्या शिडीखाली येऊन उभा राहिला.

"ताई, उद्याची लावणी थांबवा."

"का? डबा मिळाला नाही वाटतं अजून?"

"कसला डबा?" तो गोंधळला. मग मान खाली घालून म्हणाला, "ताई, तिथे सुरुंग आहेत. सत्त्याऐंशीत मीच पुरले होते. नऊ. आठ काढले, रानात खड्ड्यात टाकले. नववा सापडत नाही. पुराच्या पाण्याने तुमच्या चांगल्या शेतात सरकला असेल. बायकांना उतरवू नका, पाया पडतो."

मावशीच्या हातात कोयता होता.

"नीट मोजले होतेस?" तिने विचारलं.

"नऊच, ताई."

"मग शोधू नकोस. नववा माझ्या नवऱ्याला सापडला."

सारेथ शिडीच्या पायरीवर बसला. तोंड झाकून तो रडायला लागला, आणि मला त्याची दया आली याचा मला रागही आला.

"रडायचं तर तुझ्या घरी जाऊन रड," मावशी म्हणाली. "सकाळी ये. तो तुकडा तूच खणून द्यायचास. माझी म्हैस मिळणार नाही, कुदळ घेऊन ये. तुझ्या मोजण्यावर माझा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी बाकीच्या शेतात लावणी सुरू झाली ती दुपार कलल्यावर. तोवर सारेथने त्या शेतातून कडेकडेने, मग आडवं-उभं चालून दाखवलं होतं. पडीक तुकडा खणायला त्याला तीन दिवस लागले. मावशी बांधावर बसून एकेक घाव बघत होती. शेवटी, जिथे विरेक पडला होता तो कोपराही खणून झाला आणि सारेथची कुदळ थांबली.

मावशी उठली. रोपांची जुडी काखेत मारली, नेसलेला सारोंग वर खोचला आणि चिखलात उतरली. सरळ नाही हं. त्याची पावलं जिथे उमटली होती नेमकी तिथेच पाय टाकत, एकही पाऊल इकडेतिकडे न पडू देता, ती त्याच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "सरक. इथली रोपं मी लावते."