उद्याच्या तारखेचा शिक्का

चुडामणबापूंचं पोस्ट त्यांच्याच ओसरीवर होतं. भिंतीला लाल पेटी, खुंटीला टपालाची थैली, आणि तारखेचा शिक्का देवघरात, बाळकृष्णाशेजारी. रोजचं दोन तासांचं काम. बापू ते कधी दातण करता करता, कधी शेतातून आल्यावर उरकत. "बापूले बरं शे, घरमा बठीसन हापिस!" असं गल्ली म्हणे. बापू हसत, पण आतून टरकलेले. तालुक्याच्या पोस्टातल्या साहेबानं बजावलं होतं: तारखेत गफलत सापडली, तर पोस्ट दुसऱ्याच्या ओसरीवर. दुसऱ्याच्या म्हणजे समोरच्या पितांबरच्या. त्यापेक्षा तापीत उडी बरी.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. बापूंना सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे बघायचे होते. घ्यायची ऐपत नव्हती, पण घोड्याचे दात तपासायची हौस दांडगी. त्यांनी शक्कल लढवली. आदल्या दुपारीच शिक्क्यात उद्याची तारीख बसवली, नऊ पत्रांवर दणादण हाणली, थैलीला लाख लावून ठेवली. सकाळी टपाल नेणारा धुडकू हलकारा आला की बायकोनं ती द्यायची. बापू तोवर जत्रेच्या गाडीत.

डुलकी काढून उठले, तर खुंटी रिकामी.

"ओ, थैली कोठे शे?"

"धुडकू लई गया," गजराबाई चुलीपासून म्हणाल्या. "आजच लई जासू, म्हने."

 उद्याच्या तारखेची पत्रं आज संध्याकाळी तालुक्याच्या पोस्टात! टाकायच्या आधीच पोचलेली! सदरा उलटा चढवून बापू धावत सुटले.

"बापू, घोडा लेवाना आधीच पयी गया का?" त्यांना पळताना बघून पितांबरनं ओट्यावरून विचारलं. बापूंना वाटलं, याला कळलंय. त्याच्या मागच्या भिंतीवर त्यांना आपली लाल पेटी दिसू लागली.

धुडकू घरीच होता, खाटेवर आडवा, उशाला थैली. बापूंना बघताच त्याचाच चेहरा पांढराफटक पडला.

"बापू, साहेबले सांगू नका! थैली सकाये परस्पर तालुकाले दिसू, आन तठूनच जत्राले जासू."

लाख शाबूत होती. "सरकारी टपाल उशाले?" बापूंनी दरडावायला तोंड उघडलं, पण आवाज असा कापला की धुडकूच त्यांना पाणी द्यायला उठला.

थैली पोटाशी धरून बापू घरी आले.

सकाळी धुडकू वेळेवर आला, थैली घेऊन गेला. घुंगरांच्या गाड्या जत्रेला निघाल्या. पितांबरनं गाडीतून हाक मारली. बापू ओसरीवर शिक्का मांडीवर घेऊन बसलेले. पाऊल वाजलं की दचकत, आणि पुन्हा तारीख बघत.

"जा ना आते," गजराबाई म्हणाल्या. "तारीख बरोबर शे."

"सकाय बदलनी पडी ना," बापू उद्याच्या काळजीनं म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.